इस्माईलमामूंचे अष्टमीचे रविवार

अन्याय झाला तो तुमच्यावर, इस्माईलमामू. कार्तिक शुद्ध अष्टमी, रविवार, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. उरणच्या बाजूच्या एका धक्क्यावर, ओहोटी पुरती लागलेली असताना, अकरा मुलांच्या देखत.

वेळ एवढी नक्की कशी माहीत? तनूच्या हातात माझं जुनं घड्याळ होतं. माझी ही आठ वर्षांची भाची तेव्हा नुकतीच घड्याळ वाचायला शिकली होती आणि दर पाच मिनिटांनी सगळ्यांना वेळ सांगत सुटायची. त्या दिवशी घरी आल्यावर तिने मला सांगितलं, "आत्या, ते बारा दहाला आले आणि आजोबा तीन चाळीसला आले." मधल्या साडेतीन तासांत मात्र तिने कुणालाच वेळ सांगितली नव्हती.

धक्क्याचं नाव मी लिहीत नाही. त्या दोन माणसांचा गणवेश कुठल्या खात्याचा होता तेही लिहीत नाही. तुम्ही म्हणाला होतात, नको लिहू. तुम्ही होतात तोवर तुमचं काही ऐकलं नाही. हे एक ऐकते.

आज तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाले. तुम्ही कुवेतच्या बंदरात क्रेनवर किती वर्षं होतात, मागे कोण कोण आहे, ते सगळं छापून आलं. फोटोत तुम्ही टाय लावला आहे. मामू, टाय? मी तुम्हाला लुंगी नाहीतर घोट्यापर्यंत दुमडलेली पँट, यापलीकडे कशात पाहिलेलंच नाही. पायाला चिखल नाही असे तुम्ही मला ओळखूच येत नाही.

मी तिसरीत होते तेव्हा तुम्ही कायमचे परत आलात. तुमच्या बहिणीची मुलं तुम्हाला मामू म्हणायची, म्हणून आठ दिवसांत अख्खी गल्ली मामू म्हणायला लागली. तुमची स्वतःची दोन्ही मुलं तोवर मोठी झाली होती. ती तुम्हाला कॅसेटवरून ओळखायची. तुम्ही तिकडून आवाज भरून पाठवायचात आणि मामी इकडे टेपरेकॉर्डर मधे ठेवून त्यांना जेवायला बसवायच्या. हे तुम्ही मला सांगितलंत ते हसत हसत. "बाय, माझ्या पोराला दात आले ते मी ऐकले. बघितले नाहीत." म्हणूनच गल्लीतली सगळी पोरं गोळा करून समुद्रावर न्यायचा तुमचा तो हट्ट. मला हे कळायला वीस वर्षांची व्हावं लागलं. तेव्हा वाटायचं, मामूंना दुसरं काम नाही.

आणि कुठलाही रविवार चालायचा नाही. अष्टमीच्या आसपासचाच लागायचा. पनवेलच्या खाडीत तुमच्या वडिलांचा मचवा होता, त्यांची शिकवण. तिथीची पाऊणपट करायची, पुऱ्या भरतीची वेळ निघते. अष्टमीची पाऊणपट सहा. म्हणजे भरती सकाळ-संध्याकाळ सहाला, ओहोटी दुपारी बाराला. शिवाय अष्टमीला भांग. पाण्याला ओढ नाही, ते फार चढत नाही, फार उतरत नाही. "भांगाचं पाणी गरीब असतं. पोरांना तेच बरं. उधाणाला मोठ्यांनी जावं, ज्यांना जगायचा कंटाळा आलाय त्यांनी." पनवेलच्या एस.टी. स्टँडवर प्रत्येकाने बोटांवर हिशेब करून वेळ सांगायची, चुकेल त्याने पाण्याची पिशवी उचलायची. तीनचतुर्थांश मी शाळेत शिकायच्या आधी तुमच्याकडून, उरणच्या गाडीची वाट बघताना शिकले.

तुमच्याकडे एक नायलॉनची दोरी होती, तिला हातहात अंतरावर गाठी. एक गाठ, एक पोर. रस्ता ओलांडताना, धक्क्यावर चालताना गाठ सोडायची नाही. आम्ही सहावी-सातवीत गेल्यावर लाजायला लागलो. लोक बघतात मामू, म्हणायचो. तुम्ही म्हणायचात, "बघू दे. बंदरात मोठमोठी जहाजं दोरीने बांधतात, ती लाजतात का?"

शमीममामी दोन डबे द्यायच्या. एका डब्यात खिमा, दुसऱ्यात तांदळाची सांदणं आणि बटाट्याची भाजी. भाजीसाठी त्यांनी मुद्दाम नवं पातेलं आणलं होतं आणि ते आमच्या आईला दाखवायला घरी घेऊन आल्या होत्या. "भाभी, बघून ठेवा, ह्यात आमचं काहीसुद्धा शिजणार नाही." आई ओशाळली. गव्हाण फाटा ओलांडेपर्यंत डब्यांची अदलाबदल झालेली असायची. तुम्ही खिडकीतून कंटेनर बघत बसायचात, मागे वळायचात नाही. घरी आल्यावर आई तोंडाचा वास घ्यायची. एकदाच म्हणाली, "मसाला चांगला असतो हो शमीमचा." तिला कसं कळलं, हे आम्ही कधी विचारलं नाही.

आणि तो दोन चंद्रांचा घोटाळा. आठवतो? कॅलेंडर घरी राहिलं म्हणून तुम्ही चांदाच्या, म्हणजे मुसलमानी महिन्याच्या, तारखेवरून हिशेब केलात. चांदाची तारीख तिथीच्या एक-दोन दिवस मागे असते, ते दोन मिळवायचे असतात, ते तुम्ही विसरलात. आम्ही अकराला किनाऱ्यावर. दगड उघडे पडलेले असणार, कुर्ल्या दिसणार, चिखलात निवट्या उड्या मारणार, म्हणून सगळ्यांच्या हातात डबडी. आणि समोर पाणी. पायऱ्यांना लागून उभं. तुम्ही समुद्राकडे असे बघत होतात की जणू त्याने तुम्हाला वेळ दिली होती आणि तोच उशीर करतोय. दीड तास आम्ही पायऱ्यांवर बसलो, दोन्ही डबे संपवले. संध्याकाळी माझ्या बाबांनी तुमची खेचली, "काय इस्माईलभाई, तुमचा चंद्र मागे पडला वाटतं!" तुम्ही म्हणालात, "चंद्र एकच आहे हो. मोजणारे दोन झालेत, त्याला तो काय करील?"

त्यानंतर तुम्ही कागद करायला लागलात. दोन रकाने. एका बाजूला तिथी, मराठीत. दुसऱ्या बाजूला चांदाची तारीख, उर्दू आकड्यांत. शेवटी वेळा. चार घड्या घालून शर्टाच्या खिशात. पोरांना पुन्हा पाण्याची वाट बघत बसावं लागू नये, एवढ्यासाठी.

तो कागद पुढे काय करणार आहे, हे कुणाला ठाऊक होतं?

आम्ही मोठे झालो, आमच्यामागची पोरं तुमच्या दोरीला लागली. कामोठ्याला, करंजाड्याला फ्लॅट घेऊन गेलेले लोकसुद्धा अष्टमी आली की शनिवारी संध्याकाळी मुलं आजोळी आणून सोडायचे. तनू पाच वर्षांची असल्यापासून यायला लागली. मी येईनाशी झाले. माझी पत्रकं होती, सभा होत्या. खारफुटी तोडली, लिही. नळाला पाणी नाही, लिही. तुम्ही जिन्यात भेटलात की म्हणायचात, "काय गो पुढारी, खाडी वाचवतेस आणि खाडीवर येत नाहीस?" मी म्हणायचे, वेळ नाही मामू. त्या कार्तिकातल्या रविवारीसुद्धा मी पत्रकं वाटत होते.

पुढचं मी पाहिलेलं नाही. तनूने आणि इतर मुलांनी सांगितलं, थोडं तुम्ही. तुम्ही कुवेतहून आणलेल्या त्या जुन्या दुर्बिणीतून मुलांना एकेक करून जहाज दाखवत होतात. कुणीतरी कुठूनतरी फोन केला. दाढीवाला म्हातारा, दुर्बीण, आणि दोरीला धरून उभी केलेली मुलं. ते दोघे आले.

"ही पोरं कोणाची?"

"आमच्या गल्लीतली आहेत, साहेब. पनवेलची."

"तुझी किती यात?"

"नातवंडं दोन. तशी सगळी माझीच."

मामू, एरवी हे वाक्य किती चांगलं आहे.

"सगळी तुझी? ए पोरी, नाव काय तुझं?"

"तनया."

"आणि तुझं?"

"सानिका."

"तुझं?"

"अल्फिया."

"सगळी तुझीच होय रे?"

अरे-तुरे. चौसष्ट वर्षांच्या माणसाला, मुलांसमोर. मग खिसे तपासले, कागद निघाला. हे काय? भरती-ओहोटीच्या वेळा, साहेब. कशाला लागतात तुला? पोरांना पाण्यात उतरवायचं तर लागतात. कोणी दिल्या? बापाने. कुठे असतो बाप? कबरस्तानात, साहेब.

सानिका हसली. नऊ वर्षांची पोर, तिला गंमत वाटली. त्या दोघांपैकी एकाचा चेहरा बदलला. तो म्हणाला, "मस्करी करतोस? चल, बस तिकडे." तुम्ही बसलात. मुलं धक्क्यावरच्या पायऱ्यांवर, आपापली गाठ धरून. कुणी सोडली नाही, कारण तुम्ही सोडा म्हणाला नव्हतात.

निरोप मिळून माझे बाबा, तनूचे आजोबा, पोचले तेव्हा तुम्हाला सोडलं. "काका, काळजी घ्यायला लागते हो हल्ली," असंही ते दोघे म्हणाले. तीन चाळीसला तुम्ही काका झालात. परतीच्या गाडीत तुम्ही मुलांना चिक्की घेऊन दिलीत.

आता मी काय केलं ते लिहिते. मी पत्रक लिहिलं. तिसऱ्या दिवशी मसुदा तयार. तुमच्या घरी आणला, तुम्ही चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून वाचलात. मामी चहा ठेवून दारात उभ्या.

"भाषा जोरदार आहे," तुम्ही म्हणालात.

"मग छापू?"

"बाय, हे वाचून पोरांना काय कळेल?"

"पोरांसाठी नाही हे. व्यवस्थेला जाब विचारायचाय."

"ते विचार तू. पण गल्लीत हा कागद फिरला की पोरांना एवढंच कळेल, मामूला धरलं होतं." मग कागद खाली ठेवून म्हणालात, "माझं एक काम कर. एकेका घरी जा. पोरांना समोर बसव आणि सांग. मामूने काही केलं नव्हतं. पोरांनी मला धरलेलं बघितलंय. सोडलं ते बघितलं, पण का धरलं ते त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मी सांगितलं तर ती म्हणणार, चोर कुठे स्वतःला चोर म्हणतो?"

मी म्हणाले, हे पुरेसं नाही. तुम्ही म्हणालात, मला पुरेसं आहे. मी म्हणाले, तुमच्यासारखे गप्प बसतात म्हणूनच हे असं चालतं. हो, मी हे तुम्हाला म्हणाले. मामी दारातून आत निघून गेल्या. तुम्ही रागावला नाहीत. "तुला मोर्चा पाहिजे, मला पोरं पाहिजेत," म्हणालात. "चहा घे. थंड होतोय."

चहा न घेता मी उठले. तुमच्याशी माझं भांडण इथेच थांबलंय, आणि आता दुसऱ्या बाजूला कुणी नाही.

मग तुम्हाला न विचारता मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. उत्तर आलं, अशी कोणतीही नोंद आढळत नाही. म्हणजे तुम्हाला कुणी बसवलंच नव्हतं. सरकारी कागदाप्रमाणे त्या दुपारी तुम्ही मुलांना घेऊन समुद्रावर मजेत होतात. तक्रार कशाविरुद्ध करायची? मी तो कागद घेऊन चार वकिलांकडे गेले. चौघांनीही हळहळून मान डोलावली आणि कागद परत दिला. चांगली माणसं होती.

पण मामू, त्या दोघांना मी जेवढ्या शिव्या घातल्या, त्याहून मोठी गोष्ट पुढच्या अष्टमीला आमच्याच गल्लीत झाली. तिच्याविरुद्ध माझ्याकडे पत्रक नव्हतं.

तुम्ही रविवार सोडला नाहीत. साडेआठला गल्लीच्या तोंडाशी उभे. हातात दोरी, मामींचे दोन डबे, बाजूला तुमची दोन नातवंडं. आमच्या घरात तनू बूट घालून तयार. वहिनी म्हणाली, "आज नको. ट्यूशन आहे." रविवारी सकाळी कसली ट्यूशन? आई म्हणाली, "या वेळी राहू दे गं. जरा शांत होऊ दे सगळं." बाबांनी, तुम्हाला तिथून सोडवून आणणाऱ्या माझ्या बाबांनी, पेपर वर केला. तनूने स्वतःचे बूट काढले.

समोरच्या घरात सानिकाला ताप होता. शेजारी पाहुणे येणार होते. कामोठ्याची मुलं आदल्या रात्री आलीच नाहीत. कुणीही तुम्हाला वाईट बोललं नाही, हे मला सगळ्यात भयंकर वाटतं. सगळ्यांनी खिडकीतून बघितलं आणि सगळ्यांना वाईट वाटलं.

आणि मी? आतल्या खोलीत होते. मी तुमच्यावरच लिहीत होते, त्या पत्रकाचा नवा मसुदा. "इस्माईलमामू एकटे नाहीत," असं त्याचं शेवटचं वाक्य होतं. बाहेर येऊन तनूचा हात धरून तुमच्यापर्यंत चालत यायला मला चाळीस पावलं लागली असती. मी मसुदा संपवला.

सव्वानऊला तुम्ही दोरी गुंडाळलीत. दुपारी मामींनी सांदणं आमच्याकडे पाठवून दिली, त्याच वेगळ्या पातेल्यातली. आम्ही ती खाल्ली.

त्यानंतर तुम्ही चार महिने होतात. जिन्यात भेटायचात, पुढारी म्हणायचात. एकदा विचारलंत, "सांगितलंस का गो पोरांना?" मी म्हणाले, सांगते, या आठवड्यात नक्की. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. घरोघरी जाऊन मुलांशी बोलणं मला लहान काम वाटलं. शंभर लोकांसमोर भोंग्यावर बोलायला मी घाबरत नाही. सानिकाच्या आईच्या दारात उभं राहायला घाबरले.

तुमची मय्यत निघाली तेव्हा सगळी गल्ली होती. ज्यांनी मुलं पाठवली नाहीत त्यांनी खांदा दिला. खरंच रडले. मी रागाने बघत होते, आणि राग कुणावर काढायचा ते सुचत नव्हतं. फोन करणारा कोण, माहीत नाही. गणवेशवाले सांगतील, आम्ही काम केलं. शेजारी सांगतील, आम्ही तर त्यांना देवमाणूस म्हणतो. मोर्चा न्यायचा तर कुठे, आमच्याच जिन्यावर?

त्या संध्याकाळी तनू माझ्याजवळ आली. म्हणाली, "आत्या, एक विचारू? मामूने काय चोरलं होतं?"

मी म्हणाले, काही नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मग आई मला पाठवत का नव्हती?"

दुसऱ्या दिवशी मी अखेर सानिकाच्या दारात गेले. तुम्ही सांगितल्याला चार महिने उलटून गेल्यावर. ती दप्तर भरत होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "ताई, मला माहितीये. मी हसले म्हणून त्यांनी मामूला बसवून ठेवलं. त्यामुळेच ते आजारी पडले." नऊ वर्षांची मुलगी, मामू. कार्तिकापासून हे एकटीने उचलून फिरतेय. तिची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिथेच उभी राहिली. तिला हे पहिल्यांदाच कळत होतं. मी दोघींना सगळं सांगितलं. सानिकाने ऐकलं, आणि तिचा विश्वास बसला की नाही, मला कळलं नाही. एकदा सांगून भागणार नाही, एवढं कळलं.

तुम्ही मुलांच्या मनातल्या तुमच्या नावाची काळजी करत होतात, असं मी समजत होते. तुम्हाला मुलांचीच काळजी होती. तुम्ही बरोबर होतात आणि मी चुकले. हे कबूल करायला समोर तुम्ही पाहिजे होतात. तुम्ही "काय गो पुढारी" म्हणून हसला असतात आणि मी चिडले असते. मला ते चिडणं हवंय. ते मला कुठलंच कार्यालय मंजूर करून देणार नाही.

मी दोन घरं केली. नऊ मुलं राहिली आहेत. दोन तुमचीच नातवंडं, त्यांना मी काय सांगू, माझी मान वर होत नाही. बाकीच्या सात घरांत मी जाईन, पण माझ्या शब्दाने काम होणार नाही. मुलांना घरात कुणी थांबवलं होतं? मी थांबवलं नव्हतं.

म्हणून आता तुम्हाला सोडून मी त्यांच्याशी बोलते, मामू. माफ करा.

हे वाचणाऱ्या आयांनो, बापांनो, आजीआजोबांनो. आमच्या गल्लीतले असाल, कामोठ्या-करंजाड्यात गेला असाल, किंवा तुमच्या गल्लीत दुसऱ्या नावाचा असाच एक मामू असेल आणि तुम्ही एका रविवारी मुलांचे बूट काढायला लावले असतील, तर मला सहानुभूती कळवू नका. मामींकडे फळं घेऊन जाऊ नका. आज जेवायच्या आधी टीव्ही बंद करा, मुलाला समोर बसवा आणि दोन वाक्यं बोला. पहिलं: त्यांनी काहीही केलं नव्हतं. दुसरं: आम्ही घाबरलो, म्हणून तुला पाठवलं नाही.

पहिलं सोपं आहे, ते सगळेच बोलतील. दुसरं गाळू नका.